समजून घ्या : दादासाहेब फाळकेंची माणसे पडद्यावर पळतात का? हँडलपासून १२० हर्ट्झपर्यंतचा प्रवास

मोबाइलवर जुना मूकपट लावला की राजा, राणी, ऋषी सगळेच घाईत असल्यासारखे चालतात आणि पाहणाऱ्याला हसू येते. नवा चित्रपट लावला तर त्यातही कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश फिरताना चित्र बारीक झटके खाते. मोबाइल महागडा असला तरी हे घडते. दोन्हींचे मूळ एकच आहे. चित्रे ज्या गतीने टिपली आणि ज्या गतीने आपल्यासमोर येतात, त्या दोहोंचा मेळ बसलेला नसतो. मॉनिटर, मोबाइल आणि टीव्हीमधली ‘रिफ्रेश रेट’ ही सेटिंग याच मेळासाठी आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हाच मेळ हाताने बसवण्यात एका माणसाने आपली पुंजी आणि डोळे पणाला लावले होते. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

कोण होते फाळके?

साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरहून सटाण्यामार्गे नाशिकला आणि तिथून पुढे गेले की त्र्यंबकेश्वर लागते. तिथे ३० एप्रिल १८७० रोजी फाळकेंचा जन्म झाला. वडील संस्कृतचे शास्त्री होते. त्यांना मुंबईत अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. धुंडिराज यांनी १८८५ मध्ये जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे आणि छपाईचे तंत्र आत्मसात केले.

त्यानंतरची वीस वर्षे सरळ गेली नाहीत. गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेले. काही काळ पुरातत्त्व खात्यात आराखडे काढण्याची नोकरी केली. लोणावळ्याला छापखाना चालवला, रंगीत छपाईची यंत्रे पाहायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी मतभेद झाले आणि छपाईचा धंदाही सुटला. जादूचे प्रयोग ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने करत. हे नाव म्हणजे फाळके हे आडनाव उलटे वाचलेले.

चाळिशीत, हाती स्थिर धंदा नसताना, गिरगावातल्या तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. असेच आपल्या पुराणकथांचे चित्रपट आपल्या देशात व्हायला हवेत, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. पण चित्रपट हलतो कसा, हे शिकवणारे आसपास कुणी नव्हते.

चित्र हलते म्हणजे नेमके काय होते?

पडद्यावर काहीही हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे दाखवली जातात आणि मेंदू ती जोडून हालचाल पाहतो. अशा प्रत्येक स्थिर चित्राला फ्रेम म्हणतात. एका सेकंदात किती फ्रेम टिपल्या आणि दाखवल्या, तो ‘फ्रेम रेट’.

‘रिफ्रेश रेट’ ही वेगळी गोष्ट आहे. आपला पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र नव्याने उमटवतो, तो आकडा हर्ट्झमध्ये सांगतात. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० वेळा. फ्रेम रेट हा व्हिडिओचा गुण आणि रिफ्रेश रेट हा पडद्याचा. मोबाइलच्या खोक्यावर ठळक छापलेला १२० हा आकडा पडद्याबद्दल सांगतो. त्यावर लावलेल्या चित्रपटात तेवढ्या फ्रेम असतात, असे नाही.

हा फरक जुन्या प्रोजेक्टरमध्येही होता. त्यात फिल्म सलग सरकत नसे. एक फ्रेम भिंगासमोर क्षणभर थांबे, मग पुढची येई. फ्रेम सरकताना फरफट दिसू नये म्हणून फिरती पाती मध्ये येऊन प्रकाश अडवत. पण सेकंदाला १६ वेळाच प्रकाश पडला तर पडदा लुकलुकतो. त्यावर उपाय म्हणून तीन पात्यांचे झडप वापरले जाऊ लागले. एकच फ्रेम तीनदा उजळायची, म्हणजे १६ गुणिले ३, सेकंदाला ४८ उजेड. चित्रे तेवढीच राहिली, पण लुकलुक कमी झाली. आजच्या भाषेत सांगायचे तर फ्रेम रेट १६ आणि रिफ्रेश रेट ४८.

फाळकेंनी हे कुठे शिकले?

सुरुवात घरातच झाली. लहानसा प्रोजेक्टर, फिल्मचे तुकडे आणि मिळतील तेवढी परदेशी पुस्तके त्यांनी जमवली. दिवसाचे कित्येक तास ते चित्रपट पाहत. एकेक तुकडा पुन्हा पुन्हा पाहून तो कसा घेतला असेल याचा अंदाज बांधत. झोप कमी आणि ताण फार. याचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि काही काळ त्यांची दृष्टी गेल्यासारखीच झाली. उपचार झाले, वेगवेगळे चष्मे लागले, तेव्हा ती परत आली.

मग आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तिथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते भेटले. कॅबोर्न यांनी सुरुवातीला या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला, पण नंतर मदतही केली. त्यांच्यामुळे वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून पाहायला मिळाला. हाताने फिरवायचा विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची सोय करून १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परतले.

वाटाण्याच्या रोपाने काय साधले?

कॅमेरा आला, पण भांडवल नव्हते. चित्रपटासाठी पैसे मागायला गेले तर सावकाराला दाखवणार काय? फाळकेंनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्यासमोर रोवला. ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपत राहिले. हे काम महिनाभराहून अधिक चालले. फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवली तेव्हा बी फुटले, कोंब वर आला आणि वेल चढली, सगळे मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो.

आज मोबाइलमध्ये ‘टाइम लॅप्स’ नावाचे बटण असते. त्यामागचे तत्त्व हेच आहे. टिपण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग वेगळे केले की काळ आकसतो किंवा पसरतो. फाळकेंनी हे मुद्दाम केले आणि त्यातून पैसे उभे राहिले. पुढे त्यांच्याच चित्रपटांच्या बाबतीत हे नकळत घडले आणि त्यांची माणसे पळू लागली.

अंधारात भोके कोण पाडत होते?

त्या काळी कच्ची फिल्म भोके न पाडताच येत असे. फिल्मच्या दोन्ही कडांची भोके हीच चित्र पुढे सरकवण्याची दातेरी वाट. भोक केसभर सरकले तरी चित्र पडद्यावर हलायचे. फिल्मला प्रकाश लागला तर ती वायाच जायची, म्हणून हे काम अंधारात करावे लागे.

हे काम फाळकेंच्या पत्नी सरस्वतीबाईंनी हाती घेतले. भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे हे सगळे त्या शिकल्या. दादरच्या घरात चित्रीकरण चाले तेव्हा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. पैसे कमी पडले तेव्हा त्यांचे दागिने कामी आले.

कामाचा आवाका साध्या हिशेबाने कळतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार भोके, म्हणजे एका फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट नोंदलेली आहे. म्हणजे एवढ्या फिल्मसाठी ४ लाख ७३ हजारांहून अधिक भोके. यंत्र असले तरी ते अंधारात, एका मापात चालवायचे होते. आज चित्र स्थिर दिसते त्याचे श्रेय आपण मोबाइलला देतो. १९१२ मध्ये ते बरेचसे या बाईंच्या हाताला होते.

हँडल किती वेगाने फिरवायचे?

फाळके स्वतः दिग्दर्शन करत असल्याने कॅमेरा चालवायला कुणीतरी हवे होते. मित्र त्र्यंबक तेलंग यांना त्यांनी ते काम शिकवले. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम टिपल्या जात. सेकंदाला दोन फेरे घातले की १६ फ्रेम. कॅमेरामन मनातल्या मनात ठेका धरून हँडल फिरवत. हात दमला की फ्रेम कमी होत, उत्साहात आला की वाढत. १६ हा प्रघात होता, कायदा नव्हता.

दाखवतानाही हीच गत होती. प्रोजेक्टर चालवणाराही हँडल फिरवत असे. खेळ लवकर संपवून पुढचा सुरू करायचा असला की त्याचा हात आपोआप भरभर चाले. म्हणजे एकाच चित्रपटाचा वेग गावोगावी, खेळागणिक बदलू शके.

‘राजा हरिश्चंद्र’ ४० मिनिटांचा की तासाचा?

२१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निवडक लोकांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात सर्वांसाठी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला गेला. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले. स्त्रिया काम करायला तयार नसल्याने अण्णा साळुंके यांनी तारामती साकारली. फाळकेंचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला.

चित्रपटाची लांबी अनेक ठिकाणी ४० मिनिटे लिहिलेली आढळते. आता हिशेब पाहा. ३,७०० फूट गुणिले १६ म्हणजे ५९,२०० फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम दाखवल्या तर चित्रपट ४१ मिनिटांत संपतो. सेकंदाला १६ दाखवल्या तर त्याला जवळपास ६२ मिनिटे लागतात. ४० मिनिटांचा आकडा बोलपटाच्या वेगाशी जुळतो आणि मूकपटाच्या प्रघाताशी जुळत नाही. म्हणजे १६ च्या आसपास टिपलेली फिल्म २४ ने चालवली की चित्रपटाचा तिसरा हिस्सा वेळ गळून जातो आणि दुःखी हरिश्चंद्र विनोदी पात्रासारखा तुरुतुरु चालतो. दोष अभिनयात किंवा दिग्दर्शनात नसून दाखवण्याच्या वेगात आहे.

यश आले आणि मग काय झाले?

१९१३ मध्येच फाळके नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले आणि पडद्यावर स्त्रिया आल्या. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे काम करण्याचे प्रस्ताव त्यांनी नाकारले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. या चित्रपटाची मिळकत बैलगाडीतून न्यावी लागली, असे आजही सांगितले जाते. त्याच सुमारास फाळकेंनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपटही केला. आपले तंत्र लोकांना उलगडून दाखवण्याची त्यांना हौस होती.

१९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ चा ‘कालियामर्दन’ गाजला. त्यात छोट्या कृष्णाचे काम फाळकेंची मुलगी मंदाकिनी हिने केले. पण भागीदारांशी पटेना. ते सगळे सोडून काशीला गेले, नाटक लिहिले, काही वर्षांनी परतले आणि पुन्हा चित्रपट करू लागले. मात्र पहिली गती परत आली नाही.

बोलपटाने वेग का ठरवून टाकला?

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला. ध्वनी फिल्मच्या कडेलाच छापला जाऊ लागला आणि हाताच्या हँडलचा काळ संपला. चित्राचा वेग थोडा कमी-जास्त झाला तर डोळा चालवून घेतो, कान घेत नाही. वेग वाढला की आवाज चिरका होतो, कमी झाला की घोगरा. म्हणून मोटर आली आणि सेकंदाला २४ फ्रेम हा वेग जगभर पक्का झाला. आजही बहुतेक चित्रपट याच वेगाने होतात.

फाळकेंना हा बदल महागात पडला. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्यात ध्वनी भरावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा कोल्हापुरात केलेला त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचाही. त्यानंतर ते नाशिकला राहिले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ज्या उद्योगाला त्यांनी पाया घालून दिला होता, तो त्यांना जवळपास विसरला होता. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

६० हर्ट्झवर २४ फ्रेम का अडखळतात?

फाळकेंच्या वेळी अडचण हाताच्या ठेक्याची होती, आता ती भागाकाराची आहे. ६० ला २४ ने भागले तर अडीच येतात. पडदा अर्धी फ्रेम दाखवू शकत नाही. म्हणून तो एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, परत दोनदा असे करतो. एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते, पुढची ५०. भजनात टाळकऱ्याचा एक ठोका आखूड आणि एक लांब पडावा, तसे हे होते. कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा आणि पडद्यावर नावे वर सरकतात तेव्हा हे झटके जास्त जाणवतात.

उपाय सोपा आहे. व्हिडिओच्या फ्रेम रेटने नि:शेष भाग जाईल असा रिफ्रेश रेट निवडायचा.

• चित्रपट, बहुतेक वेब मालिका (२४ फ्रेम) : ४८, ७२, ९६, १२० किंवा १४४ हर्ट्झ.
• भारतीय टीव्हीचे बरेच कार्यक्रम (२५ फ्रेम) : ५० किंवा १०० हर्ट्झ.
• मोबाइलवर काढलेले बरेच व्हिडिओ (३० फ्रेम) : ६०, ९० किंवा १२० हर्ट्झ.
• ६० फ्रेमचे प्रक्षेपण : ६० किंवा १२० हर्ट्झ.

९० हर्ट्झ हा ६० पेक्षा मोठा आकडा असला तरी २४ ने त्यालाही पूर्ण भाग जात नाही. म्हणून जास्त हर्ट्झ म्हणजे प्रत्येक वेळी जास्त सफाई, हा समज चुकीचा आहे. १२० ला २४, ३० आणि ६० या तिन्हींनी भाग जातो, म्हणून तो सोयीचा. मात्र त्याने बॅटरी जास्त खर्च होते.

सेटिंग कुठे असते?

संगणक : विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. मॉनिटरला झेपणारे रिफ्रेश रेट यादीत दिसतात. यादीत अपेक्षित आकडा नसेल तर मॉनिटरची किंवा केबलची मर्यादा असू शकते.

मोबाइल : सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडा. ‘रिफ्रेश रेट’ किंवा ‘मोशन स्मूदनेस’ असा पर्याय असतो. ‘ऑटो’ ठेवल्यास अनेक नवे मोबाइल व्हिडिओनुसार स्वतःच आकडा बदलतात.

टीव्ही : काही टीव्ही आणि स्ट्रीमिंग बॉक्समध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ असा पर्याय असतो, तो चालू करा. ‘मोशन स्मूदिंग’ हा प्रकार वेगळा. त्यात टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेल्या फ्रेम घुसवतो आणि चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. ते आवडत नसेल तर बंद ठेवा.

प्रत्येक अडखळणे रिफ्रेश रेटमुळे नसते, हेही लक्षात घ्या. मध्येच थांबून गोल चक्र फिरत असेल तर नेटवर्क कमी पडत आहे. तेव्हा व्हिडिओची क्वालिटी कमी करा. जुना मोबाइल गरम होऊन फ्रेम गाळत असेल तरीही हाच उपाय. झटके एका ठरावीक ठेक्यात, सतत येत असतील तरच हर्ट्झकडे वळा.

फाळकेंचा मूकपट त्यांच्या वेगात पाहता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तिथे पी. के. नायर यांनी फाळकेंच्या फिल्म शोधून जमवल्या. काही फाळके कुटुंबाकडून मिळाल्या. ‘कालियामर्दन’चा बराच भाग त्यामुळे वाचला. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे उरली. ती १९१३ ची नसून १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असेही काही अभ्यासक मानतात. फाळकेंच्या नावावर सुमारे ९५ चित्रपट मोजले जातात. त्यातले बहुतेक कायमचे गेले.

उरलेले पाहताना माणसे पळताना दिसली, तर व्हिडिओ प्लेअरमधल्या ‘प्लेबॅक स्पीड’मध्ये जाऊन वेग ०.७५ करा. २४ चे १८ होतील. ०.६५ करता आला तर जवळपास १६. मूकपट असल्याने आवाज बिघडण्याचा प्रश्न नाही. मागे नंतर जोडलेले संगीत असेल तर ते बंद करा. काही प्रतींचा वेग आधीच सुधारलेला असतो, तिथे बदलाची गरज नाही. कसोटी एकच. चालणारा माणूस चालताना दिसला पाहिजे.

तसे केले की राजा थांबून विचार करताना दिसतो, राणी मान वळवते, मूल हात पुढे करते. तेलंगांनी मनात ठेका धरून फिरवलेल्या हँडलचा वेग बोटाच्या एका स्पर्शाने बराचसा परत मिळतो आणि त्या दृश्यांवर हसू येत नाही.